वाकडे नाक, अडलेला श्वास आणि ‘कॉस्मेटिक’चा शिक्का

“डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय.” कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत हे वाक्य ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. रुग्ण ते अशा खात्रीने सांगतो, की आपण तपासण्याआधीच निदान झालेले असते. खरे तर नाकात कोणतेही हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला कललेला असतो. हा पडदा पुढच्या भागात कूर्चेचा आणि मागे पातळ हाडांचा असतो. तो कुठे वळलेला असतो, कुठे त्याला टोकदार उंचवटा आलेला असतो. अगदी सरळ पडदा हाच अपवाद आहे. रस्त्याने जाणाऱ्या दहा माणसांच्या नाकात दुर्बीण घातली, तर बहुतेकांचा पडदा थोडाफार वाकडा निघेल, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यात कधी त्याचा त्रास झालेला नसेल.

काही आठवड्यांपूर्वी एकाच सकाळी दोन तरुण आले. पहिला एकोणीस-वीस वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा, वडिलांसोबत आलेला. सैन्यभरतीत धावण्यात पहिल्या गटात, लेखी परीक्षेत पास, आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदावर शेरा ‘डीएनएस’, म्हणजे नाकाचा पडदा वाकडा. वडील म्हणाले, “साहेब, काहीही करा, पण पंधरा दिवसांत करा.” मुलाला विचारले, नाक बंद होते का? नाही. घोरतोस का? नाही. तोंड उघडे ठेवून झोपतोस का? तोही नाही. पहाटे पाच किलोमीटर धावताना दम लागतो का? तो हसला.

दुसरा एकतीस वर्षांचा, एका खासगी कार्यालयात नोकरीला. दीड वर्षापूर्वी पावसात दुचाकी घसरून तो तोंडावर आपटला होता. नाकाचा कणा उजवीकडे सरकलेला, पडदा डावीकडे दुमडलेला, डावी नाकपुडी जवळपास बंद. रात्री तीन-चारदा तोंड कोरडे पडून जाग येते, दिवसा कार्यालयात डुलक्या येतात. त्याच्या आरोग्य विमा कंपनीने शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी नाकारली होती. कारण दोन शब्दांत लिहिले होते : कॉस्मेटिक सर्जरी.

ज्याला श्वासाचा काही त्रास नाही, त्याला शस्त्रक्रिया तातडीने हवी. ज्याला श्वास घेता येत नाही, त्याची शस्त्रक्रिया दिसण्यासाठी आहे असे कागद म्हणतो. गेल्या काही वर्षांत नाकाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय नाकाकडे न पाहता कागदाकडे पाहून होऊ लागला आहे, ही माझी तक्रार आहे. ती समजून घ्यायची तर आधी नाक श्वास कसे घेते, हे पाहावे लागेल.

आपण दिवसाला दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. ती गरम करणे, ओलसर करणे, गाळणे ही कामे नाक करते, आणि त्यासाठी ते मुद्दाम हवेला अडवते. श्वसनमार्गाच्या एकूण अडथळ्यापैकी निम्म्याहून अधिक अडथळा एकट्या नाकात असतो. त्यातही सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आहे. तिथे पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यात जेमतेम दहा ते पंधरा अंशांचा कोन असतो. आम्ही त्याला नाकाची झडप म्हणतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो, असे भौतिकशास्त्र सांगते. नाक ही काही सरळ गुळगुळीत नळी नव्हे, म्हणून हिशेब इतका काटेकोर लागू होत नाही. पण झडपेपाशी एक-दोन मिलिमीटरचा वाकही नाक बंद करू शकतो आणि मागे खोलवर असलेला मोठा वाक कुणाला जाणवतही नाही, याचे कारण इथेच आहे.

नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांत रक्त भरले की त्या फुगतात, ओसरले की बसतात. निरोगी माणसातही काही तासांच्या पाळीने एक नाकपुडी थोडी मिटते आणि दुसरी मोकळी होते. रात्री कूस बदलल्यावर वरची बाजू मोकळी झाल्याचे अनेकांना जाणवते. ‘कधी डावी बंद, कधी उजवी’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा दोष बहुधा पडद्यात नसतो. ॲलर्जीमुळे किंवा अन्य कारणाने त्या घड्या सुजलेल्या असतात. पडदा काही दर चार तासांनी बाजू बदलत नाही. एकच बाजू, वर्षानुवर्षे, बारा महिने बंद, ही पडद्याची तक्रार. अर्थात शरीर इथेही फसवते. पडदा डावीकडे गेला, की उजवीकडच्या मोकळ्या जागेत टर्बिनेट वाढून बसते, आणि रुग्ण बरोबर उलटी बाजू बंद असल्याचे सांगतो.

आणखी एक गंमत सांगतो. हवा खेळते आहे ही जाणीव हवेच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसते. आत येणाऱ्या हवेने नाकाचे अस्तर थंड होते, तो गारवा मज्जातंतू मेंदूला कळवतात आणि आपल्याला ‘नाक मोकळे’ वाटते. मेंथॉल नेमक्या याच मज्जातंतूंना चेतवते. सर्दीत बाम हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, पण मोजून पाहिले तर अडथळा तेवढाच असतो. म्हणून सीटी स्कॅनमधला वाक आणि रुग्णाचा त्रास यांची जोडी नेहमी जुळत नाही. डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनच्या अहवालात ‘पडदा डावीकडे वाकडा’ ही ओळ आली, की रुग्णाला आपला आजार सापडल्यासारखा वाटतो. डोकेदुखी अर्धशिशीची असते, आणि शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहते.

मग पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे सेप्टोप्लास्टी, उपयोगाची आहे तरी का? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. शंभराहून अधिक वर्षे जगभर होत असलेल्या या शस्त्रक्रियेला भक्कम पुरावा अलीकडेपर्यंत नव्हता, आणि सार्वजनिक पैशातून ती करावी का, असा वाद युरोपात चालू होता. त्यातून दोन महत्त्वाच्या चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०३ प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला औषधे किंवा नुसती देखरेख. वर्षानंतर शंभरपैकी मोजलेल्या जीवनमानाच्या गुणांत शस्त्रक्रियेचा गट ७२.२वर होता, दुसरा ६३.९वर. फरक नक्की, पण डोळे दिपवणारा नाही.

दुसरी चाचणी ब्रिटनमधली, २०२३मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात ३७८ रुग्ण होते आणि एक अट महत्त्वाची होती : नाक बंद होण्याचा त्रास किमान मध्यम स्वरूपाचा हवा. निम्म्यांची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना सहा महिने स्टिरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे दिला. त्रास मोजला बावीस प्रश्नांच्या यादीने, जिच्यात जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी गुण १९.९ होते, स्प्रेच्या गटाचे ३९.५. या मोजपट्टीवर नऊ गुणांचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो असे मानतात. इथे तो जवळपास वीस होता. ज्यांचा त्रास आधी जास्त, त्यांना फायदाही जास्त. त्याच चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४ टक्के रुग्णांना रक्तस्रावामुळे पुन्हा दाखल करावे लागले, आणि सुमारे १२ टक्क्यांना जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविके द्यावी लागली. ‘किरकोळ ऑपरेशन आहे, काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

या दोन्ही चाचण्यांत कोणाचे ऑपरेशन झाले हे रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे ‘आपले काहीतरी केले’ या समाधानाचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. तरीही दोन्हींचा रोख एकच आहे. त्रास खरा असेल तर शस्त्रक्रिया स्प्रेपेक्षा सरस ठरते. त्रास नसेल तर तिने साधायचे काय?

त्रास मोजायला यंत्र लागतेच असे नाही. जगभर वापरली जाणारी एक पाच प्रश्नांची यादी आहे. गेल्या महिन्याभरात नाक चोंदले का, नाक पूर्ण बंद झाले का, नाकाने श्वास घ्यायला कष्ट पडले का, त्यामुळे झोप मोडली का, आणि चढ चढताना किंवा व्यायाम करताना नाकातून पुरेशी हवा मिळाली नाही असे झाले का? प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज पाचने गुणली की शंभरपैकी आकडा मिळतो. ब्रिटनच्या चाचणीत तीसच्या खाली असलेल्यांना घेतलेच नव्हते. साताऱ्याच्या मुलाची बेरीज शून्य आली. दुचाकीवाल्याची पंच्याऐंशी.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायला हवी : औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले नाक उघडणारे थेंब. ते दोन मिनिटांत नाक मोकळे करतात. पाच-सात दिवसांपलीकडे वापरले की थेंबांचा असर ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजते आणि माणूस पुन्हा बाटली शोधतो. उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारे, चार-पाच वर्षे हे थेंब वापरणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचा पडदा सरळ केला तरी नाक बंदच राहते. आधी थेंब सोडवावे लागतात आणि स्टिरॉइडचा स्प्रे रोज किमान चार-सहा आठवडे द्यावा लागतो. तो मारायचीही पद्धत आहे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या भिंतीवर जातो. ‘स्प्रेने काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तो पडद्यावर मारून नाकातून रक्त काढत असतात.

शस्त्रक्रिया तशी साधी दिसते. भूल देऊन नाकपुडीच्या आतूनच काप घेतात, पडद्यावरचे अस्तर अलगद सोडवतात, वाकलेली कूर्चा आणि हाड सरळ करतात किंवा तेवढा भाग काढतात, आणि अस्तर पुन्हा टाक्यांनी बसवतात. बाहेर व्रण राहत नाही. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रीर आणि जर्मनीत किलियन यांनी अस्तराखालचा वाकडा भाग काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. त्या काळी कूर्चा सढळ हाताने काढत, आणि काही वर्षांनी नाकाचा कणा खोगिरासारखा खचत असे. म्हणून आता वरच्या आणि पुढच्या कडेला किमान एक सेंटिमीटरची पट्टी न हलवता ठेवतात. घराची भिंत पाडता येते, तुळई नाही.

पण त्या दुचाकीवाल्यासारखी तुळईच वाकडी असेल तर? बाहेरून नाक वाकडे झालेले असते तेव्हा कण्याची हाडे, बाजूच्या कूर्चा आणि मधला पडदा हे सगळे एकमेकांना ओढत असतात. आतला पडदा तेवढा सरळ केला, तर बाहेरची चौकट त्याला पुन्हा वाकवते. बाहेरची हाडे तेवढी सरळ केली, तर आतला पडदा त्यांना जुन्या जागी खेचतो. दोन्ही एकत्रच करावे लागते. हाडे ठरलेल्या रेषेत कापून मध्यावर आणायची, पडदा उभा करायचा, आणि दबलेली झडप उघडी राहावी म्हणून पडद्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या काड्यापेटीतल्या काडीएवढ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना बसवायच्या. पडद्यात कूर्चा पुरेशी नसेल तर कानाची किंवा बरगडीची घ्यायची. ही सेप्टोऱ्हायनोप्लास्टी. वेळ दोन-तीन तास, कौशल्य जास्त, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यताही जास्त, आणि सूज पूर्ण ओसरायला वर्ष लागू शकते. तिच्यात नाक बाहेरूनही सरळ होते. आणि इथेच विमा कंपनीचा शिक्का पडतो.

या शिक्क्याला इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्याजवळ होते. १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेसोबत असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जमातीतल्या एका जाणकाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे दोन डॉक्टर ती शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकिगत चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात नाक घडवण्याची विद्या पुन्हा सुरू झाली. त्या माणसाला गेलेला मान परत हवा होता. नाक कापणे हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पुढे १८९८च्या सुमारास बर्लिनच्या जाक जोसेफने केवळ नाकाच्या आकारापायी समाजात वावरायला लाजणाऱ्या माणसाचे नाक लहान करून दिले. म्हणजे नाकाच्या बाहेरची विद्या ‘दिसण्या’कडून वाढली आणि आतली विद्या ‘श्वासा’कडून. रुग्णालयांत दोन विभाग झाले, पाठ्यपुस्तके दोन झाली, आणि विम्याच्या कागदावरही रकाने दोन झाले. नाक मात्र एकच राहिले.

वास्तविक विमा नियामकाने ठरवून दिलेल्या मजकुरात हा घोळ नाही. सर्व आरोग्य विमा पॉलिसींत ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ वगळण्याचे जे प्रमाणित कलम आहे, त्यातच अपवाद लिहिले आहेत : अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला थेट धोका असल्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेला उपचार. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करायची असते. दुसरे कलम प्रतीक्षाकालाचे. बहुतेक पॉलिसींत वाकड्या पडद्यासाठी, टॉन्सिल आणि सायनससारखीच, दोन वर्षे थांबावे लागते. २०२४च्या नियमांनुसार हा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण अपघातामुळे उद्‌भवलेल्या दाव्याला तो लागू होत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. २०२४च्याच परिपत्रकानुसार कंपनीला आपल्या दावा-आढावा समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे फेटाळला, ते सांगावे लागते. कंपनीने तक्रारीला महिन्याभरात दाद दिली नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मुंबईत आणि पुण्यातही त्याचे कार्यालय आहे.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया श्वासाच्या नावाखाली बसवून देणारे आमच्याच व्यवसायात आहेत. रुग्णाला नाकाचे टोक बारीक हवे असते, कागदावर ‘पडदा वाकडा’ लिहिले जाते, आणि पडदा थोडाफार वाकडा सगळ्यांचाच असल्याने ते खोटेही ठरत नाही. मोबाइलच्या सेल्फीने ही मागणी वाढवली आहे. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसू शकते, हे २०१८मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणिताने दाखवले. चांगले दिसावे असे वाटण्यात गैर काही नाही, त्यासाठी स्वतःचे पैसे खर्च करण्यातही नाही. पण प्रत्येक खोटा कागद पुढच्या खऱ्या कागदावरचा संशय वाढवतो. त्याचा भुर्दंड दुचाकीवरून पडलेल्याला बसतो.

सरकारी रुग्णालयातली अडचण वेगळी. इथे कॉस्मेटिकचा शिक्का सहसा आड येत नाही. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे आणि ती आता रेशनकार्डाच्या रंगावर अडत नाही. कान-नाक-घशाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. आपली बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. आमच्याकडे कमी पडतो तो ऑपरेशन थिएटरचा वेळ. यादीत घशाच्या कर्करोगाचा रुग्ण असतो, कानातले हाड सडून मेंदूपर्यंत पू जाण्याची भीती असलेले लेकरू असते, श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेले बाळ मध्येच येते. वाकडे नाक शेवटी जाते आणि तीन तासांची सेप्टोऱ्हायनोप्लास्टी तर पुढच्या महिन्यात. हा क्रम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच ज्याला त्रास नाही अशा नाकावर, कुणाच्या तरी शेऱ्याखातर तासभर थिएटर खर्च करताना माझे मन खात नाही असेही नाही.

तरी त्या भरतीच्या मुलाला मी परत पाठवले नाही. सैन्याने आपले निकष काय ठेवावेत हा सैन्याचा अधिकार आहे, आणि त्या घरातली पहिली पक्की नोकरी त्या शेऱ्यावर अडली होती. अशा मुलांवर मी शस्त्रक्रिया केल्या आहेत, पुढेही करीन. फक्त दोन गोष्टींवर अडून बसतो. एक, तपासणीत जे दिसले तेच लिहिणार. त्रास नसताना त्रास लिहिणार नाही. दुसरी, घाई नाही. अधिकारी भरतीत अपील मेडिकल बोर्डापुढे जायला ४२ दिवस मिळतात, इतर भरत्यांच्या मुदती वेगळ्या. आतले अस्तर भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात, नाक पूर्ण स्थिरावायला तीन महिने. मुदतीच्या आदल्या आठवड्यात केलेल्या शस्त्रक्रियेचे खपली धरलेले, सुजलेले नाक बोर्डापुढे नेले, तर तिथल्या डॉक्टरांनी ते पात्र ठरवावे तरी कसे? भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी मैदानावर दोन वर्षे घालवण्याआधी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नाक तपासून घ्यावे. गावोगावच्या भरती अकादम्यांनी हे एवढे केले, तरी पंधरा दिवसांचा हट्ट घेऊन येणारे बाप कमी होतील. त्या वडिलांना मी आधी अपिलाची मुदत नेमकी किती, ते लेखी विचारून यायला सांगितले. त्यांना ते आवडले नाही. पण ते गेले आणि कागद घेऊन आले. मुदत पुरेशी होती.

दुचाकीवाल्याच्या बाबतीत मात्र मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते पहिल्या आठवड्याचे. अपघातानंतर ज्या दवाखान्यात त्याला नेले, तिथे ओठाला टाके घातले, डोक्याचा स्कॅन केला आणि घरी सोडले. नाकाला सूज इतकी होती, की वाकडेपण कुणाला दिसलेच नाही. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. त्या रात्री डोके महत्त्वाचे होते. पण सूज चार-पाच दिवसांत उतरते आणि मोठ्या माणसाचे सरकलेले नाकाचे हाड साधारण सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, थोडक्या भुलेखाली जागेवर बसवता येते. काप नाही, कूर्चा नाही, पंधरा-वीस मिनिटांचे काम. लहान मुलांची हाडे त्याहून लवकर जुळतात, त्यांना आठवडाही मिळत नाही. पुढे हाड वाकडेच जुळते, आणि मग ते पुन्हा कापावे लागते.

आणखी एका गोष्टीला तर दिवसांचीही सवड नसते. नाकावर मार बसल्यावर पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचू शकते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती अस्तरावरच जगते. मध्ये रक्त साचले की तिचे पोषण तुटते, दोन-तीन दिवसांत ती मरू लागते, पू झाला तर विरघळूनच जाते आणि नाक कायमचे बसते. कबड्डीत, क्रिकेटच्या चेंडूने किंवा जिन्यावरून पडून मुलाच्या नाकाला लागले आणि त्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद होऊन ठणका वाढत गेला, तर सकाळची वाट पाहू नये. ते रक्त एका छोट्या छेदाने त्याच रात्री काढता येते. बाहेरून नाक सरळ दिसते आहे म्हणून आईवडील थांबतात, आणि आमच्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो. नाकावर मारहाण झालेल्या स्त्रिया तर बऱ्याचदा येतच नाहीत. त्या वर्षांनी येतात, ‘नाकाचं हाड वाढलंय’ असे सांगत, आणि लागले कसे हे विचारले की खाली पाहतात.

दुचाकीवाल्याकडे अपघाताचा एकही कागद नव्हता. विमा कंपनीला अपघात सिद्ध करून द्यायचा होता, आणि त्याच्या दृष्टीने तो त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेला होता. मी त्याला त्या दवाखान्यात पुन्हा पाठवले. डोक्याच्या स्कॅनची नोंद तिथे संगणकात सापडली. अहवालात शेवटच्या ओळीत लिहिले होते : नाकाचे हाड मोडलेले, जागेवरून सरकलेले. दीड वर्षात ती ओळ कुणी वाचली नव्हती. तो अहवाल, पाच प्रश्नांची बेरीज, दुर्बिणीतून काढलेले आतले फोटो आणि माझे प्रमाणपत्र अशी फाइल करून त्याने कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज केला आहे. उत्तर यायचे आहे. दरम्यान त्याचे नाव आमच्या यादीतही लिहून ठेवले आहे, आजच्या हिशेबाने त्याच्या आधी चौदा जण आहेत.